पावडर, वर उकळतं पाणी, वर ॲसिड: मोरीच्या त्या मेसेजबद्दल

गणपती जवळ आले की आमच्या दुकानात दोन गोष्टी जास्त खपतात: लाइटच्या माळा आणि मोरी साफ करायची पावडर. चाकरमानी येतात, चार माणसांच्या घरात चौदा होतात, आणि वर्षभर निमूट पाणी गिळणारं सिंक ऐन नैवेद्याच्या दिवशी उलटं वर येतं. मालवणच्या बाजूला हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्याला हे नवीन नाही. नवीन आहे तो वाडीच्या, माहेरच्या, भजनी मंडळाच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज. त्याचं सार असं: पावडरचं अख्खं पाकीट मोरीत टाका, वर उकळतं पाणी ओता, दहा मिनिटांत मोरी मोकळी. पाईपला काही होत नाही. नाहीच निघालं तर वरून ॲसिड किंवा टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. सेप्टिक टाकीही आपोआप साफ. आणि केमिकल नको असेल तर खायचा सोडा आणि व्हिनेगर.

पावडर मीच विकतो. म्हणजे मेसेज माझ्या फायद्याचाच. पण गिऱ्हाईक भाजलेल्या डोळ्याला पट्टी बांधून दुकानात आलेलं मला नको.

आधी त्या उकळत्या पाण्याचं बघू. पाकिटात मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो. तो गार पाण्यात विरघळतानाच एवढा तापतो की भांडं हातात धरवत नाही. त्यावर उकळतं पाणी पडलं की सगळं भसकन वर उसळतं, आणि आपण नेमके सिंकवर वाकून 'जातंय का' बघत असतो. काही पावडरींत ॲल्युमिनियमचे कणही घातलेले असतात. कॉस्टिकशी गाठ पडली की ते आणखी उष्णता सोडतात, शिवाय हायड्रोजन, म्हणजे भडकणारा वायू. शेजारी गॅसची शेगडी असतेच.

डोळ्यात कॉस्टिक जाणं बऱ्याचदा ॲसिडपेक्षाही वाईट. ॲसिडने वरचा थर करपतो आणि पुढची वाट थोडी अडते; कॉस्टिक पेशींतली चरबी विरघळवत आत आत जातो. उडालंच तर नळाखाली किमान २० मिनिटं डोळा धुवायचा, घड्याळ लावून, आणि मग दवाखाना. अंगावर कोरडी पावडर पडली तर आधी कोरड्या फडक्याने झटकायची, मग भरपूर पाणी. 'आंबट लावलं की मरतं' म्हणून लिंबू किंवा कोकमाचं आगळ चोळू नका, जळल्यावर आणखी जळेल. पोराने तोंडात घातली तर उलटी काढायची नाही, येताना घसा दुसऱ्यांदा भाजतो. तोंड पाण्याने धुवायचं आणि १०८ ला फोन. ही पावडर पांढरी, मिठासारखी दिसते, म्हणून फोडलेलं पाकीट मिठाच्या बरणीशेजारी ठेवलेलं दिसलं की मला घाम फुटतो.

'पाईपला काही होत नाही' हे अर्धं खरं. पीव्हीसीला कॉस्टिक खात नाही. पण पीव्हीसीला उष्णता चालत नाही. साधारण ६० अंशांच्या वर तो मऊ पडू लागतो. माझ्या काउंटरवर एक बॉटल ट्रॅप, म्हणजे सिंकखालचं बाटलीसारखं भांडं, ठेवलाय, फिटरने एका घरातून काढून आणलेला. पोट एका बाजूला फुगलेलं, आटे वाकडे, आणि तळाशी पांढरा दगड. तो दगड म्हणजेच पावडर. पाणी पुढे सरकत नसेल तर ती तळाशी बसते आणि गोठून घट्ट होते. साफ करायला टाकलेलीच बूच होऊन बसली. घरात ॲल्युमिनियमचं किंवा जस्त चढवलेलं जुनं काही असेल तर कॉस्टिक ते सरळ खातो.

आता दहा मिनिटांचा दावा. मोरीत नेमकं काय अडकलंय हे कोण विचारतं? चतुर्थीला अडकते ती मोदकाची उकड, भाताची शितं, नारळाचा चोथा. तांदळाच्या पिठाला कॉस्टिक लागला की त्याची खळ होते, पोस्टर चिकटवायला चालेल अशी. चोथा आणि माशाचे खवले दहा मिनिटांत कुठे जात नाहीत. थंडीत गोष्ट वेगळी. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, हे डोक्याला तेल लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि पौषातल्या रात्री पाईपमध्येही तेच होतं. त्यावर कॉस्टिक खरंच काम करतो: तेल अधिक कॉस्टिक म्हणजे साबण. फक्त तो साबण दोन हात पुढे जाऊन बसतो, जिथे तुमचा हात पोचत नाही. न्हाणीतले केस मात्र तो बऱ्यापैकी कुरतडतो, तेवढं श्रेय त्याला देऊ.

सगळ्यात घातक ओळ 'वरून ॲसिड किंवा टीसीएल'. कॉस्टिकवर ॲसिड म्हणजे उकळता फवारा. आणि पावसाळ्यात विहिरीत टाकायला आणलेली टीसीएल पावडर घराघरात असतेच. तिच्यावर ॲसिड किंवा संडास साफ करायचं लिक्विड पडलं की क्लोरीन सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या एप्रिलमध्ये, ईप्रच्या लढाईत सैनिकांवर सोडलेला वायू तोच. हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड, त्यामुळे बंद न्हाणीत तो खाली साचून राहतो, जिथे आपण उकिडवे बसून घासत असतो. वास आला की काही आवरत बसू नका, दार उघडून बाहेर या. ॲसिड विकताना नोंदवही, गिऱ्हाइकाचं ओळखपत्र आणि वय १८ च्या वर हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली उगाच घातलेलं नाही. 'अरे, मोरीलाच हवंय' म्हणून माझ्यावर रागावणारे काका पुष्कळ आहेत.

सेप्टिक टाकीबद्दल मी अतिशयोक्ती करणार नाही. एका पाकिटाने टाकी मरत नाही. पण टाकीतली घाण कुजवणारे जिवाणूच असतात, आणि दर आठवड्याला कॉस्टिक पाठवलात तर त्यांना साफ करता, टाकीला नव्हे. आपल्याकडे तर अर्ध्या मोऱ्यांचं पाणी टाकीतही जात नाही, केळीच्या किंवा अळवाच्या मुळाशी जातं. शिवाय जांभ्याची सच्छिद्र जमीन, आणि विहीर पलीकडेच.

सोडा-व्हिनेगरने धोका नाही, काम मात्र शून्य. दोघं एकमेकांना मारतात, फेस येतो, आणि उरतं थोडं खारट पाणी. फेस बघून बरं वाटतं, एवढंच.

मग करायचं काय? आधी अडलंय कुठे ते बघा. एकच सिंक तुंबलं असेल तर खाली बादली लावून बॉटल ट्रॅप हाताने फिरवून काढा, पान्हासुद्धा लागत नाही. वॉशर परत नीट बसवा. न्हाणीत जाळी उचला, ट्रॅपमधला कप काढा, केसांचा गुंडा समोरच असतो. रबरी पंप मारताना रबर बुडेल एवढं पाणी ठेवा, सिंकचं वरचं भोक ओल्या फडक्याने दाबा, मग १५-२० दणके. नाही तर स्प्रिंगची तार. सगळ्या मोऱ्या एकदम तुंबल्या तर घरात काही करू नका, बाहेरच्या चेंबरचं झाकण उचला. नुसतं तेल थिजलं असेल तर अंघोळीच्या पाण्याइतकं कढत पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड पुरतं. तेलकट कढई आधी नारळाच्या सोडणाने पुसा, खवले माडाच्या आळ्यात टाका.

'मग विकतोस कशाला?' हे मला बायकोनेही विचारलंय. केसांनी हळू झालेल्या, पण पाणी जात असलेल्या न्हाणीला ती चालते: गार पाणी, पाकिटावर लिहिलंय तेवढीच, हातमोजे, चष्मा, खिडकी उघडी. पूर्ण तुंबलेल्या मोरीत कधीच नाही. आणि टाकली असेल तर फिटरला सांगायचं. ज्या घरातून तो फुगलेला ट्रॅप आला तिथे कोणी सांगितलं नव्हतं. आटे सैल होताच कॉस्टिकचं पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. आता तो सिंकखाली बसायच्या आधी दारातूनच विचारतो, "वयनीनू, पावडर घातलात काय?"