कस्टम्सचा कोर्स आणि कुकरची रिंग

नमस्कार,

'आयात-निर्यातीच्या कोर्सवर पैसे घालवू नका' या माझ्या मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी आला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. यांची मुलगी बी.कॉम. झाली आहे. डेक्कनवरच्या एका संस्थेत सहा महिन्यांच्या डिप्लोमाची फी भरायचं ठरलं होतं. माझा लेख वाचून तिच्या आईने पैसे अडवले आणि आता घरात आठवडाभर अबोला आहे. यांचं म्हणणं असं की मी स्वतः आत शिरले आणि मागून दार लावून घेतलं. शिवाय 'दोन वर्षं न्हावा शेवाच्या बंदरात उन्हात उभं राहा' हा सल्ला लिहायला सोपा, मुलीच्या बापाला पचायला अवघड. आणि सगळं ऑनलाइन झालेलं असताना, उद्या मालाची ड्युटी ठरवणारा कोड एआय शोधणार असताना, त्या उन्हाची किंमत काय?

अबोल्याबद्दल आधी माफी मागते. तो माझ्यामुळे झाला असेल तर वाईट वाटतं.

आता चूक कबूल करते. 'डिप्लोमाला कायद्यात शून्य किंमत आहे' असं मी लिहिलं होतं, ते चुकीचं होतं. कस्टम्स ब्रोकर लायसन्सिंग रेग्युलेशन्स, २०१८ प्रमाणे ब्रोकरच्या (म्हणजे दुसऱ्यांचा माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्याच्या) परवान्याच्या परीक्षेला बसायचं तर पदवी लागते आणि तिच्या जोडीला एमबीए, सीए, एलएलबी यांसारखी व्यावसायिक पदवी, किंवा कस्टम्स क्लिअरन्सचा डिप्लोमा, किंवा जी कार्डवर (ब्रोकरच्या कर्मचाऱ्याचं ओळखपत्र) दोन वर्षांचा अनुभव. म्हणजे तुमच्या मुलीला डिप्लोमाचा उपयोग आहे. फक्त तो सरकारने मान्यता दिलेल्या संस्थेचा किंवा विद्यापीठाचा हवा. जाहिरातीत 'मान्यताप्राप्त' असं मोठ्या अक्षरात असतं आणि कोणाची मान्यता ते कुठेच नसतं. तेवढं कागदावर मागून घ्या.

जाहिरातीवरून आठवलं. 'कस्टम्स ऑफिसर बना' असे फ्लेक्स मी कर्वे रस्त्यावर पाहिले आहेत. कुठलाही खासगी कोर्स करून कोणी कस्टम्स ऑफिसर होत नाही. एक्झामिनर किंवा प्रिव्हेंटिव्ह ऑफिसर व्हायचं तर स्टाफ सिलेक्शनची सीजीएल परीक्षा आणि वरच्या जागांसाठी यूपीएससी. ब्रोकरची परीक्षा नासिन ही कस्टम्सची प्रशिक्षण अकादमी घेते, आधी लेखी, मग तोंडी. हे तीन वेगळे रस्ते आहेत. तुमची मुलगी यातल्या कुठल्या रस्त्याला लागली आहे, हे तिला विचारलंत का?

उन्हाबद्दल मात्र मी मागे हटणार नाही, पण मला काय म्हणायचं होतं ते नीट सांगते.

२००६ साली मी एका सीएचएकडे, म्हणजे कस्टम्स हाउस एजंटकडे, एच कार्डवर (ज्युनियर कर्मचाऱ्याचं कार्ड) होते. (कायद्यात २०१३ पासून 'कस्टम्स ब्रोकर' आलं, पण धंद्यात अजून सगळे सीएचएच म्हणतात.) चाकणच्या एका पार्टीचा माल आला होता. इन्व्हॉइसवर 'ऑटो पार्ट्स', पॅकिंग लिस्टवरही 'ऑटो पार्ट्स'. मी डोळे झाकून टॅरिफमधला (ड्युटीच्या दरांच्या यादीतला) कोड ८७०८ टाकला, म्हणजे गाड्यांचे सुटे भाग. अप्रेझरची, म्हणजे ड्युटी तपासणाऱ्या कस्टम्स अधिकाऱ्याची, क्वेरी आली, माल उघडायचा हुकूम निघाला. शेडमध्ये खोका फोडला तर आत काळ्या रबराच्या रिंगा, बांगड्यांसारख्या दोऱ्यात ओवलेल्या. ओ-रिंग. आमच्या ऑफिसातल्या ज्येष्ठ गृहस्थांनी एक रिंग बोटात फिरवली आणि मला टॅरिफमधली सेक्शन १७ ची टीप २ वाचायला लावली. मोठ्याने, मजुरांसमोर. तिथे स्पष्ट लिहिलंय की रबराचे वॉशर, गॅस्केट वगैरे गाडीत बसत असले तरी ते 'गाडीचे भाग' धरायचे नाहीत. ते जातात ४०१६ मध्ये. नट-बोल्टचंही तसंच, ते लोखंडाच्या चॅप्टरमध्ये, ७३१८. हेडलाइट ८५१२. आणि रबराच्या आत लोखंडी नळी चिकटवलेला बुश असेल तर दोन शहाणी माणसं अजूनही भांडतात. त्या चार दिवसांचं डिमरेज (माल अडकून पडल्याचं भाडं) पार्टीने भरलं आणि मला पुढचे सहा महिने ऑफिसात सगळे 'ऑटो पार्ट्स' म्हणून हाक मारत होते.

याने पैशांत काय फरक पडतो? समजा माल १ लाखाचा आहे. एका कोडवर ड्युटी १० टक्के, दुसऱ्यावर १५. वर ड्युटीच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार. म्हणजे एकीकडे ११,००० आणि दुसरीकडे १६,५००. त्यावर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) लागतो, पण त्याचं क्रेडिट पार्टीला परत मिळतं. कस्टम्स ड्युटीचं मिळत नाही. लाखामागे साडेपाच हजार खिशातून गेले. जास्त भरले तर पार्टी सीएचए बदलते, कमी भरले तर काही वर्षांनी नोटीस येते, व्याजासकट. सहा महिन्यांच्या कोर्समध्ये हा हिशोब विद्यार्थ्याच्या हातून एकदा तरी झाला पाहिजे. मी ज्या कोर्सवर लिहिलं होतं त्यात तो एकदाही झाला नव्हता. त्यांची अकरा इन्कोटर्म्स (सौद्यात खर्च आणि जोखीम कोणाची ते सांगणाऱ्या संज्ञा) मात्र तोंडपाठ होती.

आता तुमच्या तिसऱ्या मुद्द्याकडे येते. तो अर्धा बरोबर आहे आणि मला तो आधी सुचायला हवा होता. ३१ ऑक्टोबर २०२० पासून देशभर फेसलेस असेसमेंट आहे. न्हावा शेवाला उतरलेल्या मालाची बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाचा कस्टम्सला द्यायचा तपशील) दुसऱ्याच एखाद्या शहरातला अधिकारी तपासतो. पूर्वी आम्ही टेबलापाशी जाऊन 'साहेब, हा बघा नमुना' म्हणायचो. आता साहेबच दिसत नाहीत. क्वेरी स्क्रीनवर येते आणि उत्तरही स्क्रीनवरच द्यायचं. तेव्हा नुसती धावपळ करणाऱ्या माणसाचं महत्त्व कमी झालं, हे खरं. पण न पाहिलेल्या माणसाला, त्याने न पाहिलेला माल, चार ओळींत समजेल असा लिहून सांगणं ही नवी गरज झाली. आणि वेळही कमी. जहाज लागायच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एन्ट्री भरायची, नाहीतर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० दंड. एआयला तुम्ही 'ऑटो पार्ट्स' सांगितलंत तर ते मी २००६ मध्ये दिलं तेच उत्तर देईल, फक्त जास्त झटपट. इन्व्हॉइस लिहिणारा माणूस परदेशात बसून काहीही लिहितो. खोक्यात काय आहे ते कोणीतरी बघितलेलं असावं लागतं.

त्यासाठी उरणजवळच्या न्हावा शेवालाच जायला हवं असं नाही, इथे मी सल्ला बदलते. तळेगावला आयसीडी (बंदरापासून लांब, कस्टम्सची सोय असलेला कंटेनर डेपो) आहे, लोहगावला एअर कार्गो आहे. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत एक्झिम (आयात-निर्यात) विभाग असतात, तिथे स्टोअरमध्ये माल रोज हाताळायला मिळतो. कोर्स चालू असताना आठवड्यातले दोन दिवस अशा ठिकाणी घालवले तर माझी काही तक्रार नाही. तिच्या आधीच्या पिढीतल्या काकूंनी ऊन खाल्लं म्हणून तिनेही खावं असा काही नियम नाही.

नोट्सबद्दल एक गोष्ट मात्र तिला जरूर सांगा. कांदा घ्या, चाकणचाच. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. ८ डिसेंबरला निर्यातच बंद. ४ मे २०२४ ला उघडली, पण टनाला ५५० डॉलर किमान भाव आणि ४० टक्के शुल्कासकट. सप्टेंबरमध्ये किमान भाव गेला, शुल्क २० वर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शून्य. ज्या मास्तरांनी २०२३ च्या जूनमध्ये छापलेल्या नोट्स वर्षभर वाटल्या, त्यांचे विद्यार्थी कांद्याच्या व्यापाऱ्याकडे मुलाखतीला गेले असतील तर काय झालं असेल? अधिसूचना स्वतः शोधून, तारीख बघून वाचायची सवय लावणारा कोर्स असेल तर फी जास्त असली तरी भरा.

आणि भरायच्या आधी एक करा. घरातल्या कुकरची जुनी रिंग पिशवीत घाला आणि मुलीला त्या संस्थेत डेमो लेक्चरला पाठवा. मास्तरांना विचारू दे, ही आयात केली तर कोड कुठला? 'कुकरचा भाग म्हणून ७६१५' असं झटक्यात उत्तर आलं तर नमस्कार करून घरी यावं. रबराची असेल तर ४०१६, सिलिकॉनची असेल तर बहुधा ३९२६, कारण टॅरिफच्या दृष्टीने सिलिकॉन म्हणजे रबर नव्हे. मास्तरांनी उत्तर द्यायच्या आधी 'कशाची आहे, बघू' म्हणून हात पुढे केला, तर तिच्या आईला माझ्यातर्फे सांगा, पैसे द्या म्हणून.