‘साक्षात येशू’ या शब्दांविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय महोदय,

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील ओबरआमरगाऊ या गावात येशूच्या दुःखसहनाचे (अटकेपासून क्रुसावरील मृत्यूपर्यंतचे) नाट्य होते. त्यावर मी लिहिलेल्या लेखाबद्दल, आणि त्यातल्या ‘साक्षात येशू’ या शब्दांबद्दल, आपण सविस्तर हरकत नोंदवलीत, याबद्दल मी आपला आभारी आहे. आपले म्हणणे असे: ख्रिस्ती माणसाने दाढी वाढवून, झगा घालून ‘मीच मार्ग आहे’ असे रंगमंचावर किंवा कॅमेऱ्यासमोर म्हणणे हा बायबलमधील दहा आज्ञांपैकी दुसऱ्या आज्ञेचा, म्हणजे प्रतिमा करू नये या आज्ञेचा, भंग आहे. देवपुत्राचे रूप घेण्याचा अधिकार पापी माणसाला नाही. आणि लोक शेवटी त्या नटाच्याच पाया पडू लागतात. यातला तिसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. पहिले दोन मान्य नाहीत.

आज्ञेबद्दल प्रथम. आपण प्रॉटेस्टंट परंपरेतले आहात आणि मी वसईचा कॅथलिक, त्यामुळे आपली दुसरी आज्ञा आमच्याकडे पहिलीतच धरलेली असते. प्रतिमांना मान्यता देणाऱ्या ७८७ सालच्या नायसियाच्या धर्मसभेचा दाखला मी आपल्याला दिला, तर तो आपल्यावर बंधनकारक ठरणार नाही, हे मी जाणतो. म्हणून आपल्याच बाजूचा ग्रंथ घेतो. प्रॉटेस्टंट शिकवण प्रश्नोत्तरांत मांडणाऱ्या वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या प्रश्नोत्तरीतील १०९ वा प्रश्न त्रैक्यातील (पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांतील) कोणत्याही व्यक्तीची प्रतिमा करण्यास मनाई करतो, आणि ही मनाई केवळ बाहेरच्या चित्रापुरती नसून मनातल्या चित्रालाही लागू करतो. आता मला प्रामाणिकपणे सांगा, लाजराच्या कबरेपाशी येशू रडला हे वाचताना आपल्या मनासमोर कोणताच चेहरा उभा राहत नाही का? ज्याने देह धारण केला, जो थकून याकोबाच्या विहिरीपाशी बसला, त्याचे वर्णन वाचूनही मनात काहीच उमटू द्यायचे नसेल, तर शुभवर्तमान वाचायचे तरी कसे?

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. पापी माणसाने प्रभूचे शब्द प्रथम पुरुषात उच्चारावेत का? परंतु पवित्र शुक्रवारी आमच्या चर्चमध्ये योहानकृत शुभवर्तमानातील दुःखसहनाचा वृत्तान्त वाचला जातो, तेव्हा निवेदन एक जण वाचतो, रोमन सुभेदार पिलाताची आणि जमावाची वाक्ये दुसरे वाचतात, आणि ‘तुम्ही कोणाला शोधता?’ हे येशूचे वाक्य बहुधा धर्मगुरू म्हणतात. ही वाटणी शतकानुशतके चालत आलेली आहे. आपल्या मराठीतही, १६१६ साली गोव्यात छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणात येशू ओवीतून बोलतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर कीर्तनाचा प्रकार ख्रिस्ती उपासनेसाठी स्वीकारला, आणि आख्यान लावणारा कीर्तनकार क्षणभर त्या पात्राच्या वाणीनेच बोलतो, हे आपल्याला ठाऊक आहे. तिथे आपण सोंग असा शब्द वापरणार नाही.

आवाज चालतो, चेहरा चालत नाही, असे आपण म्हणाल. हाही वाद होऊन गेला आहे. इंग्लंडमध्ये रंगभूमीवर येशूचे पात्र आणायला मनाई होती, तेव्हा डिसेंबर १९४१ मध्ये बीबीसीने लेखिका डोरोथी सेयर्स यांच्या येशूच्या जीवनावरील १२ श्रुतिकांचे प्रसारण सुरू केले. चेहरा दिसण्याचा प्रश्नच नव्हता, तरीही एका नटाच्या तोंडी ख्रिस्ताचा आवाज देणे हीच ईशनिंदा आहे, असे म्हणत मोठा विरोध झाला. म्हणजे रेघ चेहऱ्यावर ओढली तरी आक्षेप तिथे थांबत नाही.

आता तिसरा मुद्दा, ज्यात आपले म्हणणे खरे आहे आणि ज्याचा मला स्वतःला अनुभव आहे. तरुणपणी आमच्या धर्मग्रामाच्या नाटकात मी येशूची भूमिका केली होती. प्रयोग संपल्यावर, मी अजून झग्यातच असताना, एका वृद्ध बाईंनी आजारी नातवाला पुढे केले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवायला सांगितले. मी हात ठेवला. त्यांचे मन मोडू नये म्हणून ठेवला, असे मी अनेक वर्षे स्वतःला सांगत आलो, पण ते पुरेसे कारण नव्हते. रंगमंचावर मी जे केले त्याची मला खंत नाही. रंगमंचाखाली उतरून केलेल्या त्या एका कृतीची आहे.

ओबरआमरगाऊबद्दल मला आदर वाटतो तो याच कारणाने. १६३३ साली प्लेगच्या संकटात गावाने हे नाट्य करण्याचा नवस केला आणि १६३४ पासून तो फेडला जात आहे. भूमिका करण्यासाठी त्या गावात जन्मलेले असावे लागते किंवा तिथे २० वर्षे राहिलेले असावे लागते. महामारीमुळे २०२० चा प्रयोग २०२२ मध्ये झाला, तेव्हा येशूच्या भूमिकेत दोन जण होते आणि ते आलटूनपालटून उभे राहत होते. त्यातला एक विद्यार्थी होता. आज याचा चेहरा, उद्या त्याचा, आणि हंगाम संपला की दोघेही आपापल्या कामाला परत. अशा वेळी प्रभूचा चेहरा एका नटाचा होऊन बसत नाही. उलट, मालिकेतला नट तोच चेहरा घेऊन जाहिरातीत किंवा प्रचारसभेत उतरतो, तेव्हा त्याने मर्यादा ओलांडली, असे मीही म्हणेन.

मात्र या नाट्यात खरा अनादर कुठे झाला, याचा आपल्या पत्रात उल्लेख नाही, आणि मला तोच सर्वांत गंभीर वाटतो. पिढ्यान्‌पिढ्या या संहितेने येशूच्या मृत्यूचा दोष सबंध यहुदी समाजावर टाकला. १९३४ च्या त्रिशताब्दीच्या प्रयोगाला हिटलर उपस्थित होता आणि पुढे त्याने या नाटकाची स्तुतीही केली. ‘त्याचे रक्त आमच्यावर व आमच्या मुलाबाळांवर असो’ हे जमावाचे वाक्य २००० साली गाळले गेले, आणि अलीकडच्या प्रयोगांत येशू तोरा, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राची गुंडाळी, उंचावतो व हिब्रू भाषेत ‘शमा इस्राएल’ ही यहुद्यांची प्रार्थना होते. मरियेच्या पोटी जन्मलेला, आठव्या दिवशी सुंता झालेला, सभास्थानात यशयाची गुंडाळी वाचणारा यहुदी माणूस आम्ही त्याच्याच लोकांविरुद्ध उभा केला. निळ्या डोळ्यांचे आणि सोनेरी केसांचे येशू रंगवतानाही आम्ही तेच विसरलो. माणसाने त्याची भूमिका करण्यापेक्षा त्याला परके करून टाकणे मला अधिक अपमानास्पद वाटते.

एका शब्दाबाबत मात्र आपली हरकत मी स्वीकारतो. ‘त्या क्षणी साक्षात येशू समोर उभा राहिला,’ असे मी मूळ लेखात लिहिले होते. ते भावनेच्या भरात लिहिले गेले आणि ते चुकीचे आहे. समोर बव्हेरियातील एक गावकरी उभा होता, आणि तो चांगला अभिनय करत होता. ते वाक्य मी आजच बदलले आहे: ‘येशूची भूमिका करणारा तरुण समोर उभा राहिला.’