पाच किलोवर आळशी कसं व्हायचं?

“रेशन फुकट, बहिणीला महिन्याला १५००. आता कामाला माणूस मिळतोय होय? गरीब म्हणवतात, दारात गाडी हाय, आणि फुकटचा तांदूळ विकतात.” हा मेसेज आमच्या कोल्हापुरातल्या तालमीच्या ग्रुपवर आठवड्यात तीनदा आला. अंगठे देणारी सगळी ओळखीची माणसं, म्हणून हिशेब मांडतो.

आधी रेशन. रेशन कार्डावरच्या प्राधान्य गटातल्या कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. नवरा-बायको आणि दोन पोरं म्हणजे २० किलो. दिवसाला दीड किलो धरलं तरी पंधरवड्याच्या आत डबा रिकामा. तेल, डाळ, गॅस, घरभाडं आहेच. १५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये.

मग घर चालतं कसं? आमच्या गल्लीतल्या एका वहिनींचं बघा. नवरा सेंट्रिंगच्या कामाला. पाऊस लागला की स्लॅब थांबतात. आठवड्याला दोन हजेऱ्या पडल्या तरी नशीब. वहिनी सकाळी दोन घरची धुणीभांडी करतात, संध्याकाळी खानावळीत भाकरी थापतात. दर पावसाळ्यात बोरमाळ पतसंस्थेत गहाण पडते, दिवाळीला सुटते. २०१९ च्या महापुरात घरात पाणी शिरलं, त्यानंतर ती दोन वर्षं सुटलीच नाही. किराण्याची वही वेगळी. भिशी लागली की पोरीची फी. आणि ते १५०० खात्यावर येतात तेच फायनान्सच्या गटकर्जाच्या हप्त्याला. हप्ता चुकला तर गटातल्या बायकाच दारात येऊन बसतात. यात आळस करायला वेळ कुठला, मला तरी सापडला नाही.

“माणूस मिळत नाही” हे अर्धं खरं. तुमच्या दरात, तुम्हाला पाहिजे त्या चार दिवसांपुरता मिळत नाही. उरलेल्या दिवसांचं त्यानं काय करायचं, हे कोण विचारत नाही. दिवाळीच्या आगेमागे बीडकडच्या ऊसतोड टोळ्या आपल्या उसाला येतात. रेशन त्यांनाही आहे, लाडकी बहीण तिकडंही आहे. तरी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे तोडणीची जोडी, पहाटे थंडीत फडात उभा असतो. फुकटाच्या धान्यानं माणूस बसून राहत असता, तर आपल्या कारखान्यांचं गाळप कधीच थांबलं असतं.

गाडीचं म्हणाल तर रात्री उशिरा पाळी सुटल्यावर कागलच्या एमआयडीसीतून गल्लीपर्यंत कुठली केएमटी बस येते, ते मेसेज लिहिणाऱ्यानं सांगावं. गाडी हप्त्यावरचीच असते.

राहिला तांदूळ. काहीजण विकतात, खोटं कशाला बोला. आमच्या वहिनीही कधीमधी विकतात आणि त्या पैशात ज्वारी आणतात. मी विचारलं तर हसल्या. “दिसभर लोकांच्या भाकरी थापायच्या आणि माझ्या पोरांनी दोन टाइम भातच खायचा व्हय?”