तो गाण्यातला किल्ला ८०० वर्षं उभा नाही, आत्या!

तिसऱ्यांदा आलाय हा मेसेज, आणि या वेळी थेट आमच्या आत्याकडून. म्हणे ‘कुछ कुछ होता है’च्या शीर्षकगीतातला स्कॉटलंडचा आयलन डोनन किल्ला ८०० वर्षं जसाच्या तसा उभा आहे, कधी पडला नाही, मालकी इंग्लंडच्या राजाची. आणि आपण? आपले किल्ले ढासळू दिले!

गाणं तिथे चित्रित झालं, हे खरं. पुढचं सगळं गडबडीचं.

‘कधी पडला नाही’ म्हणे! मे १७१९ मध्ये पदच्युत स्टुअर्ट घराण्याला ब्रिटनची गादी परत मिळवून देण्यासाठी उठाव झाला. त्याला स्पेनची मदत होती आणि स्पॅनिश शिपाई याच किल्ल्यात दारूगोळा राखत बसले होते. ब्रिटिश आरमाराची तीन जहाजं किल्ल्यासमोर आली. त्यांतल्या ‘वूस्टर’च्या रोजनिशीत पकडलेल्या ऐवजाची नोंदच आहे: ३९ स्पॅनिश शिपाई, ३४३ पिंपं बंदुकीची दारू, ५२ पिंपं बंदुकीच्या गोळ्या. नुसत्या तोफांनी जाडजूड भिंती पुरत्या पडेनात, तेव्हा किल्ला ताब्यात घेऊन २७ पिंपं दारूने तो उडवला. त्यानंतर जवळपास २०० वर्षं तिथे फक्त पडक्या भिंती होत्या.

१९११ मध्ये जॉन मॅक्रे-गिलस्ट्रॅप नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने किल्ल्याचं बेट विकत घेतलं आणि पुढे किल्ला नव्याने बांधून काढला. बांधकाम १९३२ मध्ये संपलं. किनाऱ्यावरून आत नेणारा तो देखणा कमानींचा दगडी पूलसुद्धा त्याच बांधकामातला. म्हणजे पूल आमच्या आजीच्या वयाचा!

बरं, तेराव्या शतकात तिथे तटबंदी उभी राहिली, हे मान्य. ‘८००’ बहुधा तिथूनच उचललंय.

राजाची मालकी? पूर्वी किल्ला मॅकेंझी या स्कॉटिश कुळाचा, आणि त्यांच्या वतीने मॅक्रे कुळातले लोक तो सांभाळायचे. १९८३ पासून तो मॅक्रे कुटुंबानेच स्थापन केलेल्या कॉन्क्रा धर्मादाय ट्रस्टकडे आहे.

डोकं फिरतं ते ‘आपण ढासळू दिले’ वाचून. १८१८ मध्ये सह्याद्रीतल्या कित्येक गडांच्या वाटा आणि पायऱ्या इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या. मराठ्यांनी पुन्हा गड धरू नयेत म्हणून. नंतर आपण हेळसांड केली, तीही काही कमी नाही, पण सुरुवात कुणी केली तेही लिहा की!

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर आत्याचं उत्तर आलं, “पण दिसतो किती जुना!”

दिसतो खरा. तसा दिसावा म्हणूनच तर बांधलाय, आत्या.