नॅप्लेक्स प्रश्नसंचाला आपण दिलेल्या एक तारा अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

नॅप्लेक्स या अमेरिकेतील फार्मासिस्ट परवाना परीक्षेसाठीच्या आमच्या सराव प्रश्नसंचाविषयीचा आपला अभिप्राय वाचला. त्यातील एक तक्रार पूर्णपणे खरी आहे आणि ती आधी मान्य करतो. निर्जंतुक औषधे तयार करण्याच्या टिपणात कमी, मध्यम व जास्त जोखीम ही जुनी वर्गवारी तशीच राहिली होती. यूएसपी या औषधांची मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेचे, निर्जंतुक औषधांविषयीचे सुधारित ७९७ वे प्रकरण १ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाले आणि तेथे आता कॅटेगरी १, २ आणि ३ आहेत. प्रश्न आम्ही त्याच वेळी बदलले, टिपणातले एक पान नजरेतून सुटले. त्याबद्दल क्षमस्व. ते पान आता दुरुस्त केले आहे.

मात्र एक तारा आपण त्या पानासाठी दिलेला नाही. "सराव परीक्षेत मागच्या प्रश्नावर जाता येत नाही, सॉफ्टवेअर बिघडलेले आहे, कोणी घेऊ नये," असे आपण लिहिले आहे आणि हे वाक्य मला लागले. मागे जाण्याचे बटण तेथे मुद्दामच दिलेले नाही, कारण प्रत्यक्ष नॅप्लेक्समध्येही ते नसते. समोर येईल त्या क्रमाने प्रश्न सोडवायचा, उत्तर नक्की करून पुढे गेले की तो प्रश्न पुन्हा उघडत नाही. २२५ प्रश्न आणि ६ तास, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ९६ सेकंद मिळतात.

आपणच दिलेले उदाहरण घेतो. रुग्ण ६८ वर्षांची स्त्री, वजन ५४ किलो, सिरम क्रिएटिनिन १.२, कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडे किती काम करतात याचा अंदाज, काढायचा होता. आपण १४० मधून वय वजा केले, वजनाने गुणले, ७२ गुणिले १.२ ने भागले आणि ४५ हे उत्तर भरून पुढे गेलात. रुग्ण स्त्री असल्यामुळे ०.८५ ने गुणायचे राहिले, उत्तर ३८.२५ यायला हवे होते, हे आपल्याला दोन प्रश्नांनंतर आठवले आणि तेव्हा मागे जाता आले नाही. ही चडफड मी समजू शकतो. तो प्रश्न मी स्वतः रचला आहे आणि "स्त्री" हा शब्द पहिल्याच ओळीत ठेवला आहे. ही चूक घरी बसून झाली, हे माझ्या मते आपल्या फायद्याचेच झाले. मागे जाऊन उत्तर बदलता आले असते, तर पुढे जाण्यापूर्वी लिंग, वजन आणि एकक पुन्हा तपासायची सवय लागली नसती.

परीक्षा १२ दिवसांवर आली असताना संच घेतला आणि तिसऱ्या दिवशी सोडून जाडजूड संदर्भग्रंथाकडे परतलो, असेही आपण लिहिले आहे. ग्रंथाला माझा विरोध नाही, उलट विषय तेथूनच शिकावा, असे आमच्या माहितीपानावर पहिल्याच परिच्छेदात म्हटले आहे. प्रश्नसंच हा वाचून झालेले तपासण्यासाठी असतो, ग्रंथाच्या जागी नव्हे. साधन निवडताना परीक्षा घेणाऱ्या नॅशनल असोसिएशन ऑफ बोर्ड्स ऑफ फार्मसीने प्रसिद्ध केलेला अभ्यासक्रमाचा आराखडा शेजारी ठेवावा आणि आपले कच्चे विषय त्या साधनात किती आहेत ते पाहावे. आमचा संच त्यात उणा वाटला तर खुशाल दुसरा घ्यावा. पण जी गोष्ट परीक्षेप्रमाणेच आहे तिला बिघाड म्हटलेले वाचून इतर विद्यार्थी परत फिरतात आणि दोन माणसांनी चालवलेल्या या कामाला तो फटका लहान नसतो.

मागे जाता येणार नाही ही सूचना सराव परीक्षेच्या आरंभी बारीक अक्षरांत होती, ती ठळक करत आहोत. टिपणे तपासण्याच्या पद्धतीतही लवकरच काही सुधारणा करू. आपली परीक्षा होईपर्यंत आपले खाते सुरू राहील. गणिताचे निदान ४० प्रश्न घड्याळ लावून सोडवावेत, अशी विनंती आहे. ते बटण मात्र आम्ही देणार नाही.

आपला,
प्रश्नसंचाचा संचालक