पडत्या पुंगळीची आज्ञा

बार झाला की सभ्य माणूस गोळी कुठे लागली ते बघतो. मी पुंगळी कुठे पडली ते बघतो.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. घोडा ओढला की प्रायमर ठेचला जातो, दारू जळून जाते, गोळी समोरच्या मातीच्या बांधात जाऊन बसते. मागे उरते ती पुंगळी, आणि चौघांत सगळ्यांत महाग तीच. सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. बार होताना ती क्षणभर फुगते, चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला गच्च चिकटून तापलेला वायू मागे येऊ देत नाही, आणि दाब उतरताच आकसून सुटी होते. ९ मिलिमीटरच्या काडतुसाला २३५० बारपर्यंतचा दाब (हा बार म्हणजे दाबाचं एकक) मान्य केलेला आहे. एवढं सोसूनही बाई डायमधून, म्हणजे पोलादी साच्यातून, काढून मापावर आणल्या की नवा प्रायमर, दारू आणि गोळी भरून घ्यायला पुन्हा हजर! दुसऱ्यांदा, पाचव्यांदा, बेताने भरलं तर दहाव्यांदासुद्धा. असा सोशिक जीव पायाशी पडलेला असताना ज्याला वाकावंसं वाटत नाही, त्याच्याबद्दल मला आदर आहे, पण जवळीक वाटत नाही.

अडचण वाकण्याची नाहीच. कधी वाकायचं, कुणासमोर वाकायचं आणि किती वेळ वाकलेलं राहायचं, हा खरा प्रश्न.

नेमबाजीच्या रेंजवर नियमांची पाटी असते. बंदुकीचं तोंड कुठे असावं, बोट कुठे असावं, कानाला आणि डोळ्याला काय लावावं, हे सगळं ठळक अक्षरांत. पुंगळ्यांचा उल्लेख सगळ्यांत खाली, पाटी संपत आली असताना आठवल्यासारखा. तोही प्रत्येक रेंजवर निराळा. कुठे ‘आपापल्या न्या’. कुठे ‘लाइनच्या (जिथे उभं राहून गोळ्या झाडायच्या त्या रेषेच्या) मागे पडल्या त्या तुमच्या, पुढे पडल्या त्या आमच्या’. कुठे तर ‘जमिनीला लागली ती रेंजची’. या शेवटच्या ठिकाणी मी लोकांना पुंगळी हवेतल्या हवेत झेलताना पाहिलं आहे. काही जण पिस्तुलाशेजारी जाळीची पिशवी टांगतात. कायदेशीरदृष्ट्या ती पुंगळी जमिनीला कधी लागलीच नाही. या पिशवीचा शोध लावणारा माणूस पेशाने वकील असावा असा माझा संशय आहे.

लाइनच्या पुढची पुंगळी हा तर स्वतंत्र छळ. सेमी-ऑटो पिस्तूल पुंगळी साधारण उजवीकडे आणि मागे फेकतं, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. माझ्या पिस्तुलाने ते पुस्तक वाचलेलं नाही. त्यामुळे मधूनच एखादी पुंगळी बाकाच्या कडेला आपटून पुढे जाते आणि लाइनपासून हातभर अंतरावर, उन्हात, चमकत पडून राहते. हात लांबवला तर मिळेल. आणि हात लांबवायचा नाही! शेजारी कुणी गोळ्या झाडत असताना लाइनच्या पुढे बोटसुद्धा न्यायचं नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, वाद तर मुळीच नाही. पण डोळ्यांना कोण समजावणार? पुढची वीस मिनिटं मी टार्गेटकडे तोंड करून त्या पुंगळीवर नेम धरतो.

मग ‘सीझफायर’ची हाक येते. मॅगझिन काढायचं, चेंबर रिकामं करून उघडं ठेवायचं, पिस्तूल बाकावर, आणि आपण पिवळ्या पट्ट्यामागे. पुढे माणसं असताना बाकाजवळसुद्धा जायचं नाही, बंदुकीला हात लावायचा तर प्रश्नच नाही. म्हणजे सगळीकडे शांतता आहे, गोळीबार थांबलेला आहे, वेळच वेळ आहे, आणि पायाशी पडलेला सगळा ऐवज बाकाखाली आहे जिथे आता जाता येत नाही. टार्गेट बदलायला लाइनच्या पुढे जायला मात्र परवानगी. तेव्हा माणसं टार्गेटकडे ज्या रेषेने चालत जातात ती कधीही सरळ नसते. जाता जाता बुटाची नाडी सुटते. परत येताना दुसऱ्या बुटाची सुटते. आमचा रेंज ऑफिसर एकदा कोरड्या आवाजात म्हणाला, “साहेब, पुढच्या वेळी बिननाडीचे बूट घालून या.”

पण खरी कसोटी शेजाऱ्याची. माझ्या पुंगळ्या उजवीकडे जातात, म्हणजे उजवीकडच्याच्या पायाशी. डावीकडच्याच्या माझ्या पायाशी. त्याने ९ मिलिमीटर झाडलं, मी ९ मिलिमीटर झाडलं, आणि खाली जो सडा पडला त्याचे सातबारे कुठे निघतात? बुडावर कंपनीचा शिक्का असतो खरा, पण दोघांची कंपनी एक निघाली की संपलं. जाणकार लोक म्हणून घरूनच पुंगळ्यांच्या बुडावर रंगीत मार्करने रेघ ओढून आणतात. माझी हिरवी आहे. हिरवी रेघ असलेली पुंगळी दुसऱ्याच्या पिशवीत जाताना दिसली तर काय करावं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. खाकरून पाहिलं आहे. कानावर इयरमफ असलेल्या माणसापुढे खाकरण्याला अर्थ नसतो.

दुसऱ्याची पुंगळी घ्यायची तर विचारून घ्यावी, हा या व्यवहारातला पहिला आणि निर्विवाद नियम. विचारायचं कधी, ही त्यातली कला. तो मॅगझिन भरत असताना विचारू नये, त्याची मोजणी चुकते. बार करताना तर अजिबात नाही. आल्या आल्या विचारलं तर तो बिचारा दिवसभर डोक्यावर गिधाड घिरट्या घालत असल्यासारखा गोळ्या झाडतो. विचारायचं ते त्याने सामान आवरायला घेतलं की, पण पिशवीची चेन लावण्याआधी. या दोहोंमधला वेळ फार थोडा असतो आणि त्यातला बराचसा आपल्या संकोचात जातो.

“तुम्ही पुंगळ्या ठेवता का हो?”

“का? हव्यात का?”

“छे छे, सहज विचारलं.”

हा ‘छे छे’ माझ्या तोंडून का निघतो, देव जाणे. तासभर ज्याची वाट पाहिली ते समोरचा ताटात वाढतो आहे आणि मी ताटच सरकवतो! मग तो म्हणतो, “अहो, घ्या की, मी काय करणार आहे यांचं?” मग मी म्हणतो, “तुम्ही टाकूनच देणार असाल तर...” मग तो म्हणतो, “टाकूनच देणार.” मग मी जणू त्याच्या केरकचऱ्याची सोय लावतो आहे अशा चेहऱ्याने खाली बसतो. खाली बसल्यावर मात्र चेहऱ्याचं सोंग टिकत नाही. बाकाखाली, कपाटामागे, कोपऱ्यातल्या फटीत, जिथे म्हणून हात जाईल तिथे तो जातो. काही जणांकडे तारेच्या पिंजऱ्याचा गोल रूळ असतो, लांब दांड्याचा, जमिनीवरून फिरवला की तारा फाकून पुंगळ्या आत जातात. त्याने वाकणं वाचतं. इभ्रत वाचते असं म्हणवत नाही.

कधी उत्तर येतं, “हो, मीही भरतो.” संपलं. दोन भरणारे शेजारी शेजारी आले की तिथे मैत्री होते, दारूच्या वजनावर तासभर गप्पा होतात, आणि चारही डोळे जमिनीवर असतात.

.२२ या लहान मापाच्या काडतूसवाल्यांशी आम्ही सगळेच अत्यंत सौजन्याने वागतो. त्यांच्या काडतुसात स्फोटक मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो, बार करताना तो काठच चेपतो, त्यामुळे ती पुन्हा भरण्याच्या कामाची राहत नाही. “अहो, तुमच्या इकडे राहिल्या बघा,” असं म्हणून मी त्या स्वतः गोळा करून परत दिल्या आहेत. माझ्या प्रामाणिकपणाची रेंजवर थोडीफार ख्याती आहे ती त्यातूनच. आणि रिव्हॉल्व्हरवाले? त्यांचं काही विचारू नका. सगळ्या पुंगळ्या सिलिंडरमध्येच राहतात. गृहस्थ शांतपणे सिलिंडर बाहेर काढतो, दांडी दाबतो, पुंगळ्या तळहातावर ओततो आणि डबीत ठेवून देतो. वाकत नाही, विचारत नाही, कुणाचं देणं नाही. असं सुख पाहवत नाही.

एकदा माझ्या पिस्तुलातून निघालेली पुंगळी उडाली ती थेट शेजारच्या गृहस्थांच्या कॉलरमध्ये. चेंबरमधून निघालेली पुंगळी किती तापलेली असते हे ज्याला सांगून कळत नाही त्याला कॉलरमधून कळतं. गृहस्थ मात्र मुरलेले. हातातलं पिस्तूल समोरच धरलेलं, बोट घोड्यावरून बाहेर, मग पिस्तूल हळूच बाकावर ठेवलं, आणि मगच नाचायला सुरुवात केली. हा क्रम उलटा झाला तर काय होऊ शकतं या विचारानेच रेंज ऑफिसरच्या केसांना चांदी लागते. बंद गळ्याचा शर्ट घालून या, असं ते उगीच सांगत नाहीत. नाच संपल्यावर गृहस्थांनी शर्ट खोचलेला सोडवला, पुंगळी बाहेर काढली, चष्मा वर करून बुडाची हिरवी रेघ पाहिली आणि माझ्यापुढे धरली.

“तुमची दिसते.”

आता घ्यायची की नाही? नाही म्हणालो तर रेघेवर पाणी. हो म्हणालो तर त्यांच्या छातीवर उठलेल्या लाल वळाचा मालकही मीच. मी आधी माफी मागितली आणि मग पुंगळी घेतली. दोन्हींच्या मध्ये बरं दिसेल इतकं अंतर ठेवलं होतं.

स्पर्धांची गोष्ट वेगळी. काही ठिकाणी आधीच जाहीर करतात की आज पुंगळ्या वेचायला मिळणार नाहीत. वेळ वाचतो म्हणे. ते ऐकताच आमच्यापैकी निम्मे लोक सगळ्यांत भिकार पुंगळ्यांत भरलेली काडतुसं बाहेर काढतात. जिथे मिळतात तिथेही आधी गुण मोजायला मदत करायची, टार्गेटवरच्या भोकांना ठिगळं लावायची, आणि मग वेचायचं. ठिगळं न लावता थेट वेचायला बसणाऱ्याला कुणी काही बोलत नाही. त्याचं नाव मात्र सगळ्यांना माहीत असतं.

घरी आल्यावर कळतं की विचारून, वाकून, ओशाळून आणलं ते नेमकं काय. आधी लोहचुंबक फिरवायचं. पोलादी पुंगळ्या चिकटून वर येतात, त्या बाद. ॲल्युमिनियमच्या चिकटत नाहीत, पण त्यांचा मळकट रंग सांगतो. निकेलचा मुलामा दिलेल्या पितळी मात्र लखलखतात आणि त्या चालतात. .३८० ची पुंगळी ९ मिलिमीटरच्या घोळक्यात घुसून बसते. लांबीत फरक दोन मिलिमीटरचाही नाही, आणि जन्मभर तिथेच वाढल्यासारखा चेहरा. ९ ची .४० मध्ये शिरलेली असते, .४० ची .४५ मध्ये, आणि पुंगळ्या साफ करायच्या फिरत्या टम्बलरमध्ये तासभर घुसळल्यावर अशी गच्च बसते की पक्कड लागते. .४५ मध्ये पुन्हा दोन जाती, मोठ्या प्रायमरची आणि लहान प्रायमरची. बाहेरून फरक शून्य. काडतुसं भरायच्या प्रेसचा दांडा ओढताना मध्येच कर्र होऊन अडकतं तेव्हा जात कळते.

शिवाय प्रायमर बसवण्याच्या दोन पद्धती, बर्डन आणि बॉक्सर. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीच्या बुडाला मधोमध एक भोक असतं, त्यातून पिन घालून वापरलेला प्रायमर सहज ढकलता येतो. बर्डनमध्ये बाजूला दोन बारीक भोकं, मध्ये उंचवटा. पिन घातली की पिन मोडते. हायरम बर्डन हे अमेरिकन गृहयुद्धातले कर्नल, एडवर्ड बॉक्सर हे इंग्लंडच्या वुलिचमधले लष्करी अधिकारी, दोघांची पेटंटं १८६६ सालची. झालं काय, तर अमेरिकन माणसाची पद्धत युरोपात रुजली आणि इंग्रजाची अमेरिकेत. माझ्या डब्यात दोन्ही रुजल्या आहेत.

हात धुण्याबद्दल मात्र थट्टा नाही. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, त्याची काजळी पुंगळीला आणि रेंजच्या धुळीला असतेच. टोपीत पुंगळ्या गोळा करून तीच टोपी डोक्यावर घालणारे शूर लोक मी पाहिले आहेत. मी डबा नेतो आणि आधी साबणाकडे जातो.

“पण यात पैसे वाचतात ना?” असं लोक विचारतात. वाचतात की. वाचलेल्या पैशांतून जास्त दारू, जास्त प्रायमर आणि जास्त गोळ्या येतात, त्या झाडायला रेंजवर जास्त वेळा जावं लागतं, आणि मग तिथे जास्त पुंगळ्या दिसतात.

गेल्या रविवारी एक नवखा मुलगा आला होता. नवीन पिस्तूल, दुकानातून आणलेली कोरी काडतुसं, डबेच्या डबे. एकदाच वापरलेल्या, एका कंपनीच्या, एका मापाच्या पुंगळ्यांचा त्याच्याभोवती खच पडला. पिशवी आवरता आवरता त्याने खाली पाहिलं आणि विचारलं, “यांचं काय करायचं असतं?” डावीकडे मी होतो, उजवीकडे कॉलरवाले गृहस्थ. आम्ही दोघांनी इयरमफ एकाच वेळी उतरवले.

“तुम्ही घ्या,” मी म्हणालो.

“छे, छे. तुम्ही आधी आला होतात.”

“माझ्याकडे पुष्कळ आहेत हो.”

“मग अर्ध्या अर्ध्या करू.”

“अर्ध्या कशाला? तुम्हीच घ्या सगळ्या. खरंच.”

“असं कसं? मागच्या वेळी तुम्ही...”

एवढ्यात रेंजचा पोऱ्या हातभर रुंद झाडू घेऊन आला, “पाय जरा वर घ्या,” म्हणाला, आणि सगळं बादलीत भरून घेऊन गेला.