फॅमिली मेडिसिनला कोण जातं? एका फॉरवर्डला उत्तर

नीट-पीजीच्या, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या, काउन्सेलिंगचे (जागावाटपाचे) दिवस आले की इंटर्न्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर हटकून फिरतो. त्यातलं म्हणणं असं: फॅमिली मेडिसिन (घरच्या डॉक्टरचं तीन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण) ही रँक हुकलेल्यांची ब्रांच आहे. एमबीबीएसवर दवाखाना टाकता येतोच, मग आणखी तीन वर्षं कशाला घालवायची? सर्दी-खोकल्यात शिकण्यासारखं काय असतं? मुलींना संसार सांभाळून करायला बरी. मुंबईत तर गल्लोगल्ली स्पेशालिस्ट, इथे गरजच नाही. आणि जे करतात ते शेवटी इंग्लंड-कॅनडाला निघून जातात.

मी मुंबईत फॅमिली मेडिसिनच्या डीएनबी (एमडीसारखी पदव्युत्तर पदवी) करणाऱ्या रेसिडेंट्सना शिकवते आणि संध्याकाळी माझा दवाखाना असतो. हा मजकूर वाचून चॉइस (ब्रांचचा पसंतीक्रम) भरण्याच्या आदल्या रात्री मुलं फोन करतात. "मॅडम, घेऊ की नको?" आवाजात संकोच असतो, ही ब्रांच आवडते हे सांगायचीसुद्धा लाज वाटावी असा. त्या मुलांसाठी हे लिहिते आहे.

रँकचा मुद्दा आधी घेते, कारण त्यात थोडं तथ्य आहे. रेडिओलॉजी, स्किन, मेडिसिन यांच्या जागा काउन्सेलिंगमध्ये आधी जातात आणि फॅमिली मेडिसिनच्या बऱ्याच नंतर. माझ्याकडे येणाऱ्यांत काही जण "दुसरं मिळत नव्हतं" असं पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगतात. ते लपवण्याचं कारण नाही. पण जागा कोणत्या क्रमाने भरल्या, यावरून त्या जागांवर बसलेल्या डॉक्टरांची लायकी ठरवणं चूक आहे. नीट-पीजी म्हणजे साडेतीन तासांत २०० बहुपर्यायी प्रश्न. समोरच्या बाईला डोकेदुखीची गोळी हवी आहे की नवऱ्याच्या दारूबद्दल कुणाशी तरी बोलायचं आहे, हे ओळखता येतं का, याचा पत्ता त्या परीक्षेत लागत नाही.

शिवाय मुलांची पसंती कशातून तयार होते तेही बघायला हवं. मुंबईतल्या केईएम, नायर, सायन किंवा जे. जे. रुग्णालयात शिकणारा विद्यार्थी साडेचार वर्षं आणि वर पुन्हा इंटर्नशिपचं वर्ष कोणाला बघतो? सर्जनला, फिजिशियनला, कार्डिओलॉजिस्टला. आपल्याकडच्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत फॅमिली मेडिसिनचा विभागच नाही. ज्या विषयाचा शिक्षक उभ्या कॉलेजजीवनात एकदाही भेटला नाही, तो विषय पसंतीत वर कसा येणार?

आता येतात कोण ते सांगते. बंधपत्राच्या सक्तीच्या सरकारी सेवेसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलेला आणि तिथेच काही वर्षं रमलेला एक वैद्यकीय अधिकारी माझ्याकडे होता. रात्री दोन वाजता अडलेली बाळंतीण आणि सर्पदंश एकाच वेळी समोर आल्यावर आपल्याला काय काय येत नाही, याची यादी त्याने मनात केली होती आणि ती शिकायलाच तो आला. सर्जरीची सीट सोडून आलेली एक मुलगी होती. ऑपरेशन झालं की पेशंट आपल्या हातून कायमचा निसटतो, हे तिला सहन होत नव्हतं. परदेशातून एमबीबीएस करून, इथली पात्रता परीक्षा पास होऊन आलेले असतात. सैन्यात शॉर्ट सर्व्हिस करून आलेले असतात. वडिलांचा लालबागला किंवा कुर्ल्याला जुना दवाखाना आहे, तो चालवायचाच आहे पण वडिलांपेक्षा जास्त शिकून, असं ठरवून आलेले असतात. वयाने, अनुभवाने, भाषेने इतकी वेगवेगळी माणसं एका बॅचमध्ये दुसऱ्या कुठल्या ब्रांचमध्ये मी पाहिलेली नाहीत. याचा शिकवताना फार उपयोग होतो. मधुमेहाच्या पेशंटला भाकरी किती खावी हे सांगताना गावाकडून आलेला रेसिडेंट जे बोलतो, ते शहरात वाढलेल्याला सुचत नाही.

आवडीही तशाच. एकाला घरी जाऊन शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या रुग्णांची शुश्रूषा करायची आहे. एकीला पौगंडावस्थेतल्या मुलींचं आरोग्य. कुणाला व्यसनमुक्ती, कुणाला वृद्धांचे आजार, कुणाला मॅरेथॉन धावणाऱ्यांचे गुडघे. सगळ्यांना जोडणारी गोष्ट एकच: त्यांना एका अवयवाशी बांधून घ्यायचं नाही. हा कल पहिल्या दिवशी सगळ्यांत नसतो. रँकमुळे आलेल्यांपैकी बऱ्याच जणांत तो दुसऱ्या वर्षापर्यंत येतो, काहींत येत नाही. पण सीट नाइलाजाने घेतली म्हणून आवड लागतच नाही, असं कुठल्या ब्रांचबद्दल खरं आहे?

ज्यांना हे क्षेत्र उरल्यासुरल्यांचं वाटतं, त्यांनी ज्युलियन ट्यूडर हार्ट हे नाव वाचावं. केंब्रिजला शिकलेला, रिचर्ड डॉल आणि आर्ची कॉक्रन यांच्यासारख्या दिग्गज संशोधकांबरोबर काम केलेला हा डॉक्टर वेल्समधल्या ग्लिनकोरुग या कोळसा खाणीच्या गावात जनरल प्रॅक्टिशनर म्हणून गेला आणि कित्येक दशकं तिथेच राहिला. गावातल्या प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब त्याने तक्रार नसतानाही मोजला. १९७१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याने मांडलं की चांगली वैद्यकीय सेवा जिथे सर्वांत जास्त लागते, तिथेच ती सर्वांत कमी मिळते. मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्दच्या गरीब वस्त्यांत राहणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

"एमबीबीएसवर दवाखाना चालतो." चालतो. कायद्याने चालतो, आणि अनेक जुन्या डॉक्टरांनी अभ्यास करत, चुकत-शिकत तो उत्तम चालवला, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण प्रशिक्षणाविना काय होतं याचा सर्वांत बोलका पुरावा याच शहरातला आहे. १९९१ साली मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुंबईतल्या झोपडपट्टीत प्रॅक्टिस करणाऱ्या सुमारे १०० खासगी डॉक्टरांना क्षयरोगावरचे उपचार लिहायला सांगितले, तर ८० वेगवेगळ्या प्रकारची प्रिस्क्रिप्शनं निघाली. पुढे २०१० साली डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. १०६ डॉक्टर, ६३ प्रकारचे उपचार, आणि बरोबर लिहिलं फक्त ६ जणांनी. या डॉक्टरांत सगळ्या पॅथींचे लोक होते, हा दोष एकट्या एमबीबीएसवाल्यांचा नाही. पण या शहरात औषधांना दाद न देणारा टीबी किती छळतो हे आपण सगळे जाणतो, आणि खोकला घेऊन माणूस पहिल्यांदा जातो तो नाक्यावरच्या डॉक्टरकडेच. त्या पहिल्या टेबलावर बसणाऱ्याला आणखी तीन वर्षं शिकवणं हा वेळेचा अपव्यय आहे, असं म्हणणाऱ्याने ही दोन आकडेवारी समोर ठेवून म्हणावं.

एमबीबीएसचं शिक्षण कमी पडतं याचं दुसरं कारण शिकण्याच्या जागेत आहे. केर व्हाइट हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली हिशेब मांडला होता: एक हजार प्रौढांपैकी महिनाभरात ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं, २५० डॉक्टरकडे जातात, ९ रुग्णालयात भरती होतात आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचतो तो फक्त १. आकडे अमेरिका आणि ब्रिटनचे आहेत, इथले वेगळे असतील. पण आपण डॉक्टर घडवतो ते त्या एकाच्या खाटेपाशी उभं करून, आणि मग उरलेल्या २४९ जणांसाठी दवाखाना टाकायला पाठवतो. फॅमिली मेडिसिनचा रेसिडेंट मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग-प्रसूती, कॅज्युअल्टी, त्वचा, कान-नाक-घसा, मानसोपचार असा फिरतो, थीसिस लिहितो, आणि हे सगळं शिकताना त्याला सतत एकच विचार करायचा असतो की यातलं माझ्या टेबलावर काय निभेल आणि काय लगेच पुढे पाठवायचं.

सर्दी-खोकला म्हणून ज्याची हेटाळणी होते, ते काम पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात येऊन बघा. जुलैतली संध्याकाळ, बाहेर तापाच्या पेशंटांची रांग. बहुतेकांना साधा व्हायरल. त्यात एकाला डेंग्यू, एकाला मलेरिया, आणि एक मुलगा कालपर्यंत हिंदमाताला तुंबलेल्या पावसाच्या पाण्यातून चालत घरी गेलेला, पोटऱ्या दुखतात म्हणणारा, डोळे लाल. तिसऱ्या दिवसाआधी तपासण्या अनेकदा काहीच नीट सांगत नाहीत. लेप्टोची (अशा तुंबलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) शंका कोणावर घ्यायची, कुणाला उद्या परत बोलवायचं, कुणाला आत्ताच भरती करायचं, हे तेवढ्या वेळात ठरवायचं असतं. पाण्यातून गेलेल्या पण अजून ताप नसलेल्या माणसाला ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन द्यायची, आणि गरोदर बाईला किंवा लहान मुलाला ती चालत नाही म्हणून ॲझिथ्रोमायसिन. रुग्णालयातल्या डॉक्टरपर्यंत येतो तेव्हा हा मुलगा पिवळा झालेला असतो आणि निदान कुणीही करतं. रांगेत तो इतर तापकऱ्यांसारखाच दिसतो, तेव्हा त्याला वेगळा काढणं मला वैद्यकातलं फार अवघड काम वाटतं. मनापासून वाटतं.

या शहराचा इतिहासही हेच सांगतो. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्रॅक्टिस करणाऱ्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी आपल्या पेशंटांतला ताप आणि काखा-जांघेतल्या गाठी पाहून ब्युबॉनिक प्लेग ओळखला. शास्त्रज्ञ हाफकिन प्लेगची लस घेऊन उभे राहिले ते त्यानंतर. व्हिएगसांचा पुतळा धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर आहे. तिथून जे. जे. काही फार लांब नाही, इंटर्न्सनी जाऊन यावं.

मुलींच्या सोयीची ब्रांच, हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं. माझ्याकडच्या मुली कॅज्युअल्टीच्या रात्री करतात, लेबर रूमच्या ड्यूट्या करतात. मूल झाल्यावर काही वर्षांच्या खंडानंतर परत आलेल्याही आहेत, आणि त्यांना परत येता आलं हे या ब्रांचच्या बाजूने बोलतं. घरासाठीही वेळ मिळावा ही अपेक्षा एखाद्या सर्जनने ठेवली तर कुणी नाक मुरडत नाही. इतकंच.

मुंबईत गरज नाही म्हणणाऱ्यांनी माझ्याकडे येणाऱ्या एखाद्या सत्तरीच्या आजोबांची औषधांची पिशवी उघडावी. हृदयाचे डॉक्टर माहीममध्ये, किडनीचे अंधेरीत, हाडांचे घराजवळ. प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबर लिहिलेलं, आणि पिशवीत एकाच औषधाच्या दोन ब्रँडच्या पट्ट्या, वर किडनी आधीच थकलेली असताना दुखण्याची रोजची गोळी. सगळे कागद एकत्र वाचणारं कुणी नाही. नॉर्वेतल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की पंधरा वर्षांहून जास्त काळ एकच डॉक्टर असलेल्या लोकांत, एखाद्या वर्षापासूनच तो असलेल्यांच्या तुलनेत, मृत्यूचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी आणि तातडीच्या भरतीचं २८ टक्क्यांनी कमी होतं. असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही, हे मान्य. तरीही स्पेशालिस्ट जितके जास्त, तितकी त्यांच्यातला दुवा सांभाळणाऱ्याची गरज वाढते, हा माझा रोजचा अनुभव आहे.

काही जण परदेशी जातात, हे खरं आहे. ब्रिटनमध्ये जनरल प्रॅक्टिसला १९५२ पासून स्वतःचं कॉलेज आहे. अमेरिकेत १९६९ साली ही स्वतंत्र स्पेशालिटी झाली. कॅनडात निम्म्याच्या आसपास डॉक्टर फॅमिली फिजिशियन आहेत. जिथे मान आणि जागा आहे तिथे माणूस ओढला जातो. आपल्याकडे २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सार्वजनिक आरोग्य आणि फॅमिली मेडिसिन यांच्यासाठी पदव्युत्तर जागांपैकी एक चतुर्थांश राखण्यापर्यंत टप्प्याटप्प्याने जावं, असं लिहिलं होतं. २०१७ च्या धोरणाने एमडी फॅमिली मेडिसिन वाढवायला सांगितलं. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात या अभ्यासक्रमांना प्रोत्साहन देणं हे पदव्युत्तर मंडळाचं काम म्हणून नोंदवलं आहे. चतुर्थांशाच्या जवळपासही आपण पोहोचलेलो नाही. शिकून झाल्यावर सरकारी कॉलेजात शिकवायची जागाच नसेल, तर जाणाऱ्यांवर सगळं खापर फोडणं अन्याय आहे.

चॉइस भरायला बसलेल्यांना एक सांगते. सगळ्या जागा सारख्या नसतात. काही ठिकाणी फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेंटला वॉर्डातला जादा हात म्हणून राबवतात आणि शिकवणं राहून जातं. म्हणून सीट घेण्याआधी तिथल्या सध्याच्या रेसिडेंटला गाठा आणि विचारा: फॅमिली मेडिसिनची स्वतंत्र ओपीडी आहे का? तोच पेशंट पुन्हा तुझ्याकडेच येतो का? रोटेशनं कागदाप्रमाणे होतात का? शिकवणाऱ्यांत स्वतः फॅमिली फिजिशियन कोणी आहे का? जमलं तर एक अख्खा दिवस त्याच्या ओपीडीत बसा, आणि मग यादीत ही ब्रांच कुठे लिहायची ते ठरवा.